नववा आठवडा

नौसोरी, फिजी
रविवार, ४ ऑगस्ट २०१९

आदरणीय उनाइसीबाई,

पत्राच्या आरंभी इकडे सर्व क्षेम असल्याचं लिहावं, असं पाठशाळेतले गुरुजी शिकवून गेले. तेव्हा गुडघा, शाळेचं छप्पर आणि सुभागीचं नवऱ्याविषयीचं मत एवढं सोडून इकडे सर्व क्षेम आहे.

कारण लिहितो. आपल्या फेरीला पुढच्या वर्षी तीस वर्षं होतात. सहा देशांतल्या चाळीसेक मास्तर-मास्तरणींनी आपापल्या वर्गात काय करून पाहिलं ते फिरत्या थैलीतून आणि अंकातून एकमेकांना कळवत राहायचं, एवढ्याच भांडवलावर ही गोष्ट तीस वर्षं चालली. यज्ञ याहून मोठ्या सामग्रीवर बंद पडलेले मला ठाऊक आहेत. ब्रिस्बेनची हेदर आता सचिव आहे. तिने निवडक लेखांचं पुस्तक काढायचं ठरवलं आहे आणि पहिला मान तुमच्या ‘जोडीचं वाचन’ या लेखाला दिला आहे. डिसेंबर २०००च्या अंकात आला तसाच छापायचा, असं ठरलं. संपादक अजून मीच. दुसरं कोणी हे ओझं घ्यायला तयार नाही.

सोबत संमतीचा कागद आहे. सही आणि तारीख, एवढंच. एकतीस ऑक्टोबरच्या आत मिळावा.

अठरा वर्षांत तुमची मला तीन पत्रं आली. पहिल्यात अंक पाठवणं बंद करावं असं होतं. दुसऱ्यात, अंक अजून येतो आहे तरी बंद करावा, असं. तिसरं माझे वडील गेले तेव्हाचं, दोन ओळींचं. तिन्हींची सुरुवात ‘माननीय संपादक’. कांदावू बेटावरच्या बाईने डोंगरात वाढलेल्या माणसाला माननीय म्हणावं, यापरती मोठी शिवी आपल्या देशात नाही.

आपला,
देवनंदन


रविवार, २५ ऑगस्ट २०१९

उनाइसी,

‘तुम्ही’ लिहिताना बोटं आखडली होती, ती सोडली. तीन बोटी येऊन गेल्या, उत्तर नाही. तुझ्या शाळेच्या मागच्या टेकडीवर चढल्याशिवाय फोन लागत नाही हे मला कळलं आहे, आणि तू माझ्यासाठी टेकडी चढणार नाहीस हेही. म्हणून पुन्हा टपाल.

काल कपाटातून थैली काढली. तुझ्या आईने केवड्याच्या पात्यांची विणलेली, तीच. एक कोपरा उंदरांनी तपासून पाहिला आहे, बाकी शाबूत आहे. आत नाक घातलं तर अजून वास येतो. कशाचा, ते सांगता येत नाही. आपियाच्या सुक्या मासळीचा असेल, नुकुआलोफाच्या खोबरेल तेलाचा असेल, किंवा पोर्ट व्हिलाच्या त्या गृहस्थाच्या तंबाखूचा, जो प्रत्येक पानावर राख सांडून ‘संदर्भसूची’ लिहायचा.

आता हेदर एक बटण दाबते आणि सगळ्यांचं सगळं सगळ्यांना पोचतं. वाचत कोणीच नाही. तेव्हा थैली इथून निघाली की टोंगा, सामोआ, ऑकलंड, ब्रिस्बेन, व्हिला असं करत पाच महिन्यांनी परत यायची, आणि तू शिक्षकांच्या खोलीचं दार लावून घ्यायचीस. हेडमास्तर बाहेरून विचारायचे, आत काय चाललंय. तू म्हणायचीस, प्रसूती. नियम दोनच होते. आपलं जुनं पान काढायचं आणि नवं घालायचं. आणि पानावर घरची खबर वर, वर्गाची खबर खाली. ऑकलंडच्या पालेपाच्या पानावर आधी तिच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन असायचं आणि त्याखाली, तिच्या वर्गातली अकरा मुलं अजून बोटांवर का मोजतात याचा तक्ता. आईला बरं वाटेपर्यंत तो तक्ता खरा वाटायचा नाही. राजधानी सुव्याहून आलेल्या शिक्षणाधिकाऱ्याने विचारलं होतं, संशोधनात गुडघ्याचं काय काम. तू त्याला अळूची भाजी वाढलीस आणि म्हणालीस, “खा, मग सांगते.” सांगितलं नाहीसच.

तुझा माझा परिचय झाला तो दिवसही आठवला. मी चौऱ्याण्णव साली तुझ्या शाळेत नवा आलो. तू विचारलंस, कुठला. मी म्हणालो, वुनिदावा, वडलांचं डोंगरात दुकान आहे. तुझा चेहरा असा उजळला की मला वाटलं ओळखीचं कोणी निघालं. तू सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणालीस, “म्हणजे ज्यांच्या झाडाला नारळ लागत नाही, ते. बस, बिननारळ्या.” तुमचं बेट आणि आमचा डोंगर यांच्यात थट्टेचं नातं आहे. काहीही बोलावं, ताटातलं उचलून खावं, रागवायची सोय नाही. ते तुमच्या पूर्वजांनी ठरवलं, त्यात उसाच्या मळ्यावर करारावर आणलेल्या गिरमिटियाचा पणतू कसा आला हे मी विचारलं, तर म्हणालीस की पाणी डोंगरातलं प्यालास ना, मग भोग. मी तुला खारट बाई म्हणायला लागलो. सहा वर्षं मला कोणी नावाने हाक मारली नाही.

तुझा प्रयोगही परत वाचला. तिसरीच्या वर्गात एक इतौकेई, म्हणजे मूळ फिजीयन मूल आणि एक आमचं, भारतीय, अशा जोड्या. पुस्तकं अदलाबदल केलेली. एका आठवड्यात तोरिका रंजिनीच्या हिंदी पुस्तकातून वाचणार आणि रंजिनी ऐकून सुधारणार. पुढच्या आठवड्यात रंजिनी तोरिकाच्या फिजीयन पुस्तकातून. मग परत तोरिका. साधी गोष्ट, डार्विनपासून आपियापर्यंत लोकांनी उचलली.

लेख आठव्या आठवड्यावर संपतो. तुझं शेवटचं पान त्या वर्षीच्या धांदलीत कुठे गहाळ झालं असावं. पण आठ आठवडे पुरेसे आहेत, असं हेदरचंही मत. संमतीचा कागद हरवला असल्यास दुसरा सोबत आहे.

देवनंदन


रविवार, १५ सप्टेंबर २०१९

उनाइसी,

मागच्या पत्रात एक वाक्य खोटं आहे. कुठलं, ते तुला वाचतानाच कळलं असेल, म्हणून उत्तर नाही.

पान गहाळ झालं नव्हतं. ते वडलांच्या व्याकरणाच्या पोथीत आहे, एकोणीस वर्षं, लाल फडक्यात. परवा सुभागी फडकं धुवायला काढत होती. तिने पान वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, “पंडितजी, पोथीत ठेवलेल्या गोष्टीचं रोज थोडं पुण्य साठतं म्हणतात. आता किती झालं ते बघा.” दोन दिवस चहा मी माझा केला.

तुझं पान तुला कळवण्यात अर्थ नाही, पण माझ्या हाताने लिहिलं पाहिजे म्हणून उतरवतो.

‘नववा आठवडा. मे महिन्यात सुव्यात बंड होऊन सरकार पाडलं, भारतीयांची घरं-दुकानं फोडली, त्यानंतर शाळा महिनाभर बंद होती. उघडली तेव्हा मुलं आपापल्यांत बसायला लागली. मी त्यांना परत जोड्यांत बसवलं. सोमवारी मी रंजिनीला उभं करून वाचायला सांगितलं. तिच्या घराचं दार त्याच महिन्यात फोडलं होतं, हे मला माहीत होतं. तिने दोन ओळी वाचल्या आणि तिचा आवाज बंद झाला. मी म्हणाले, पुढे वाच. तीनदा म्हणाले. ती उभीच राहिली आणि तिच्या पायाखाली ओलं झालं. मी तिला वाचायला लावलं, कारण माझ्या तक्त्यातला नववा रकाना रिकामा होता. त्यानंतर ती वर्गात मोठ्याने वाचत नाही. तिचे आईवडील डिसेंबरात ऑकलंडला चालले आहेत. ऑकलंडच्या मंडळींना विनंती: ही मुलगी तुमच्यापैकी कुणाच्या वर्गात आली तर तिला वाचायला उभं करू नका. ती आपणहून वाचेपर्यंत थांबा.’

हे पान मी लेखातून आणि थैलीतूनही काढलं. त्या वर्षी वाईट बातम्या पुष्कळ होत्या. आमच्या गल्लीत दर आठवड्याला एक घर विकायला निघत होतं. अंकाचे पैसे देणाऱ्यांना आपल्या देशातून एक तरी चांगली गोष्ट हवी होती, आणि मलाही हवी होती, त्यांच्याहून जास्त. आमच्या शास्त्रात आधी समोरच्याचं म्हणणं पूर्ण मांडतात, मगच आपला सिद्धांत. मी पूर्वपक्ष पोथीत ठेवला आणि सिद्धांत छापला.

डिसेंबरचा तो अंक रेंगाळत मार्चमध्ये आला, तेव्हा तू खोलीत आलीस. ओरडली नाहीस. म्हणालीस, छापलं नाहीस ते राहू दे, पण निदान ते पान ऑकलंडला पाठव. मी हो म्हणालो. आठवड्याने तू विचारलंस, पाठवलं का? मी म्हणालो, पाठवलं.

पाठवलं नव्हतं. पाठवलं असतं तर पान मुद्दाम काढलं हे तिकडे कळलं असतं.

त्या जूनमध्ये तू बदली मागून घेतलीस. तुला वाटत होतं तू एका लेखावरून रागावली आहेस. राग पुरेसा नव्हता, हे तुला आज कळतं आहे. एक वाक्य उच्चारायला मला एक क्षण लागला होता, लिहायला एकोणीस वर्षं. गुरुजी म्हणायचे, या मुलाची प्रगती मंद आहे.

देवनंदन


रविवार, ६ ऑक्टोबर २०१९

उनाइसी,

सांगतो, मग तू हवं ते कर.

गेल्या गुरुवारी फेरीची सभा होती, पडद्यावर. सगळे आपापल्या चौकटीत, देवघरातल्या तसबिरींसारखे. हेदरने पुस्तकाचा विषय काढला. मी म्हणालो, उनाइसीच्या लेखाला अजून एक पान आहे. आणि वाचलं. नंतर, ते का छापलं नव्हतं तेही सांगितलं. आणि पाठवलं म्हणून सांगून पाठवलं नव्हतं, तेही.

हेदर म्हणाली, आपण पाच मिनिटं थांबू या का? तेवढ्यात पालेपाने तिचा आवाज चालू केला. केस पांढरे झालेत तिचे, पुढच्या वर्षी निवृत्त होते. ती म्हणाली:

“ती माझ्या वर्गात होती. दोन वर्षं.”

मग तिने सांगितलं. मुलीला इंग्रजी येत नाही असं तिला वाटलं. धीर यावा म्हणून रोज सकाळी पहिलं तिलाच उभं करायची, एक ओळ वाच म्हणायची. रोज. मुलगी पुस्तक धरून उभी राहायची, मग बसायची. पालेपाने वर्षाच्या शेऱ्यात लिहिलं, ‘हट्टी’. “तू नावं गाळून छापलेला उनाइसीचा तो लेख मी माझ्या वर्गात वापरत होते,” ती मला म्हणाली. “तिच्याच शाळेतला, तिच्यावरचा. आणि ती समोर उभी होती.” तू उनाइसीला काय सांगितलंस ते तू बघ, पण मला हे एकोणीस वर्षांनी तुझ्याकडून असं ऐकायचं नव्हतं, असंही म्हणाली, आणि चौकट काळी झाली.

काल तिचा फोन आला. रंजिनी कुठे आहे ते तिला माहीत होतं. तिच्याच भागात औषधांच्या दुकानात काम करते. पालेपा गेली, रांगेत उभी राहिली, आणि सगळं सांगितलं. रंजिनी दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलते, हसते. मोठ्याने वाचत नाही. औषधाची चिठ्ठीही गिऱ्हाइकापुढे धरते आणि बोटाने दाखवते. तिने ऐकून घेतलं. एवढंच विचारलं, तोरिका कुठे असते.

मला माहीत नव्हतं. मी आठ आठवड्यांचे तक्ते सहा देशांत पाठवले, तोरिकाचं पुढे काय झालं ते मी कधी विचारलं नाही.

या बोटीने थैली पाठवतो आहे. आत तुझं पान आहे, मूळ. आणि यंगोनाच्या मुळ्यांची जुडी आहे, बाजारातली सगळ्यात चांगली. क्षमा मागायला काय न्यावं लागतं ते मला तुम्हीच शिकवलंत. बोटीचा कारकून धक्क्यावर तुझ्या हातात देईल.

संपादकपद सोडतो आहे, हे हेदरला कळवलं.

देवनंदन


शनिवार, १९ ऑक्टोबर २०१९

उनाइसी,

थैली आली. कारकून म्हणाला, बाईंनी दोन तास बोट थांबवली. मी विचारलं, कशी? म्हणाला, चढायच्या फळीवर बसून लिहीत होत्या, फळी काढणार कोण?

वरतीच यंगोनाची जुडी होती. गाठ सोडलेली नव्हती. मी खुर्चीवर बसलो. सुभागीने विचारलं, परत आली? मी मान हलवली. परत आलेली जुडी म्हणजे काय ते तिलाही ठाऊक आहे. ती आत गेली. मग खाली हात घातला तर तुझं जुनं पान नव्हतं. त्याच्या जागी नवं होतं.

तूच लिहिलेलं तुला परत लिहून पाठवायची मला आता सवय लागली आहे.

‘घरची खबर. वादळात स्वयंपाकघर गेलं, मी राहिले. आई गेली, चार वर्षं झाली. थैली आहे हे पाहून बरं वाटलं. शाळेत एकेचाळीस मुलं, शिक्षक दोन, त्यातला एक सदा बोटीवर.

वर्गाची खबर. मी गेली अठरा वर्षं कुठल्याही मुलाला वाचायला उभं केलेलं नाही. मुलं बसल्या जागी वाचतात, हवं तेव्हा. काही उशिरा वाचतात. दोघं अजून वाचत नाहीत. तक्ता केलेला नाही.

संमतीच्या कागदावर सही केली आहे. नऊ आठवडे छापणार असाल तर. आठ छापणार असाल तर कागद फाडा.’

आणि खाली, पेन्सिलीने:

‘बिननारळ्या, क्षमा टपालाने मागतात हे तुला कुठल्या पोथीत सापडलं? जुडी परत पाठवते आहे. ती स्वतः घेऊन ये. घ्यायची की नाही ते तू समोर बसलास की ठरवीन. शुक्रवारची बोट आहे, उलटीला बादली आण. आणि नौसोरीच्या बाजारात उजव्या दाराशी जिच्याकडून तू दर शनिवारी अळू घेतोस आणि दर शनिवारी भावावरून कटकट करतोस, ती तोरिका. बोटीने बातम्याही येतात.’

मी पेन्सिलीतला पहिला शब्द तीनदा वाचला. सुभागी बाहेर आली, माझ्या खांद्यावरून तिनेही वाचला, आणि म्हणाली, “चला, शिव्या देतात म्हणजे आशा आहे.”

बाजार दुपारी बंद होतो. पिशवी घेऊन निघतो आहे.

देवनंदन


बोटीवर
शुक्रवार, २५ ऑक्टोबर २०१९

उनाइसी,

हे पत्र टपालात टाकणार नाही, हातात देईन. जुडी मांडीवर आहे. बादलीही आहे, दोनदा उपयोगी पडली. शेजारी तुमच्याच बेटावरची एक आजी आहे. मी कुठला हे तिने विचारलं, मी चूक करून खरं सांगितलं, तेव्हापासून ती सगळ्या डेकला दाखवते आहे की डोंगर पहा कसा हलतो.

तोरिकाचं सांगायचं आहे. समोर बसल्यावर सांगता येईल याची खात्री नाही, म्हणून लिहून ठेवतो.

शनिवारी गेलो तेव्हा ती अळूच्या ढिगांवर पाणी शिंपडत होती. म्हणाली, “सर, दोनच ढीग उरलेत, आज कटकट नको.” मी विचारलं, तू तोरिका का? तिने पाणी शिंपडणं थांबवलं नाही. म्हणाली, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं तुम्ही कोण ते. तुम्ही कधी विचारलं नाहीत, मी कधी सांगितलं नाही.

मी तिला रंजिनीचं सांगितलं. अजून मोठ्याने वाचत नाही, हेही. तुझ्या पानाचं सांगितलं, नवव्या रकान्याचं. तेव्हा तिने डबा खाली ठेवला.

“पाळी तिची नव्हती, सर.”

मला कळलं नाही. तिने बोटांवर मोजून दाखवलं: पहिल्या आठवड्यात ती, दुसऱ्यात रंजिनी, तिसऱ्यात ती. आठव्यात रंजिनी. “नवव्यात माझी. घरी काकांनी बजावलं होतं, त्यांच्या भाषेतलं पुस्तक हातात दिसलं तर बघ. मी मान खाली घातली. टीचरने तिचं नाव घेतलं. तिने माझ्याकडे पाहिलं, सर. मी बोलले नाही, आणि ती उठली.”

सत्तावीस वर्षांची बाई, दोन लेकरांची आई, अळूच्या ढिगामागे उभी राहून मला हे सांगत होती आणि गिऱ्हाईक तिला भाव विचारत होतं.

तक्ता माझ्याकडे एकोणीस वर्षं होता. त्या अंकात छापला, सहा देशांत गेला, लोकांनी भिंतीवर लावला. विषम आठवडे हिंदी पुस्तकाचे म्हणजे तोरिकाचे, सम फिजीयनचे म्हणजे रंजिनीचे, हे पहिल्याच ओळीत लिहिलेलं आहे. आपल्यापैकी एकानेही नवाचा आकडा विषम असल्याचं पाहिलं नाही; तूही नाही, मीही नाही. एका आठ वर्षांच्या मुलीला तेवढं माहीत होतं आणि ती ते अळूबरोबर वाहत राहिली.

मी तिला म्हणालो, हे मी छापणार नाही. ती म्हणाली, छापू नका, पण टीचरला सांगा. आणि रंजिनीचा फोन नंबर मागितला. मी विचारलं, काय बोलशील? म्हणाली, बोलणार नाही, वाचीन. पुस्तक अजून आहे माझ्याकडे. माझी पाळी राहिली आहे.

काल पालेपाचा निरोप आला. रात्रीचं जेवण झाल्यावर ऑकलंडला फोन वाजला, रंजिनीने उचलला, आणि पलीकडून कोणीतरी अडखळत, मात्रा चुकवत, तिसरीचं हिंदी पुस्तक वाचत होतं. तिने चार चुका सुधारल्या.

कांदावू दिसायला लागलं. किनाऱ्यावर नारळाची इतकी झाडं आहेत की दुसरं काही दिसत नाही. तुम्ही लोकांनी हे मला खिजवायला लावलेलं असणार. थैलीत माझं नवं पान घातलं आहे. कोरं आहे. तोरिकाचं हे सगळं त्यावर लिहायचं झालं, तर घरची खबर म्हणून वर लिहायचं की वर्गाची म्हणून खाली, ते मला ठरवता येत नाही. पेन्सिल तुझ्याकडे आहे.

बिननारळ्या